एक लॅपटॉप, दोन सिस्टिम आणि क्लाउडमधल्या फायली: शेतकरी कंपनीच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आर्णी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब पाहता. लॅपटॉप जुना, चार जीबी रॅमचा, विंडोज ११ घेत नाही. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून तुम्ही शेजारी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घेतली. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामपुरतं विंडोज, बाकी इंटरनेटचं सगळं काम लिनक्समध्ये. सभासदांची यादी, काट्याच्या पावत्या, सातबाऱ्यांचे स्कॅन हे सगळं वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या, फोल्डरमध्ये आहे. लिनक्समधून विंडोजची डिस्क उघडली की फोल्डर दिसतं, नावंही दिसतात, पण बऱ्याच फायली उघडत नाहीत, त्यांच्यावर तुटलेल्या दुव्याची खूण येते. ज्या उघडतात त्यांत बदल केला तर सेव्ह होत नाही. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं, दिवसाला दीड जीबी. आणि शेवटी विचारलंत की दोन्ही सिस्टिमना एकच फोल्डर लावून देता येईल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिले देतो, कारण घाई तिथेच होते. एकाच फोल्डरवर दोन्हीकडचे सिंक करणारे, म्हणजे लॅपटॉप आणि क्लाउडमधल्या फायली सारख्या ठेवणारे, प्रोग्राम बसवू नका. आणि लिनक्समध्ये ज्या फायली तुटलेल्या दिसतात त्या कचरा समजून डिलीट करू नका. एवढ्या दोन गोष्टी आजपासून पाळल्या तर बाकीचं सगळं सावकाश नीट करता येतं.

डिलीट करू नका असं का म्हणतो ते सांगतो. मागे माझ्याकडे एक शिक्षक आले होते. त्यांच्या लॅपटॉपवरही अशाच दोन सिस्टिम. लिनक्समध्ये शाळेच्या फोटोंच्या जागी त्यांना नुसते तुटके दुवे दिसले. उघडतच नाहीत तर ठेवायचे कशाला, म्हणून त्यांनी सगळे निवडून काढून टाकले. त्या दिवशी काहीच झालं नाही. चार दिवसांनी त्यांनी विंडोज सुरू केलं. तिथला सिंकचा प्रोग्राम जागा झाला, त्याला दिसलं की आधी असलेल्या फायली आता फोल्डरमध्ये नाहीत. मालकानेच काढल्या असणार असं धरून त्याने त्या क्लाउडमधूनही काढल्या, आणि मग त्या मोबाइलमध्येही दिसेनात. क्लाउडच्या रिसायकल बिनमध्ये फायली ३० दिवस राहतात म्हणून सगळे फोटो परत मिळाले. दोन महिन्यांनी आले असते तर माझ्या हातात काहीच नव्हतं.

आता त्या फायली तुटलेल्या का दिसतात ते पाहू. तुमच्या कामातलंच उदाहरण घ्या. सभासदांची तूर वखारीत ठेवली की आपल्या हाती पावती राहते. पावतीवर नाव असतं, वजन असतं, तारीख असते. पण घरात तूर नसते. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून वनड्राइव्ह हेच करतो. लॅपटॉपच्या डिस्कवर फाइलची पावती ठेवतो, माल क्लाउडमध्ये. तुम्ही विंडोजमध्ये फाइलवर दोनदा क्लिक केलं की विंडोजच्या आतला एक ड्रायव्हर ती पावती ओळखतो, माल उतरवून घेतो आणि मग फाइल उघडते. हे इतकं गुपचूप होतं की फाइल आपल्याच डिस्कवर आहे असं वाटत राहतं. लिनक्समध्ये तो ड्रायव्हर नाही. विंडोजची डिस्क वाचायला लिनक्समध्ये एनटीएफएस-थ्रीजी हा जुना प्रोग्राम आहे, आणि २०२१ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, ५.१५ आवृत्तीसोबत आलेला एनटीएफएस-थ्री हा नवा मार्ग आहे. दोघांनाही पावती दाखवून माल आणता येत नाही.

स्वतः खात्री करून घ्या. विंडोजमध्ये एखाद्या फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे साइझ आणि साइझ ऑन डिस्क असे दोन आकडे असतात. साइझ दोन एमबी आणि डिस्कवर शून्य, असं दिसलं की ती नुसती पावती. फोल्डरमध्ये खुणाही असतात: निळा ढग म्हणजे माल क्लाउडमध्ये, पांढऱ्या गोलात हिरवी बरोबरची खूण म्हणजे माल सध्या घरी आहे, पण जागा कमी पडली तर विंडोज तो परत पाठवू शकतं, पूर्ण हिरव्या गोलात पांढरी खूण म्हणजे माल कायम घरी. तुम्हाला तिसरी खूण हवी. त्यासाठी फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडायचं. सगळ्या वनड्राइव्हवर एकदम करू नका, दीड जीबी दुपारपर्यंत संपेल. आधी फक्त सभासद यादी आणि चालू हंगामाचं फोल्डर. स्कॅनचं फोल्डर रात्री उशिरा, एकेका गावाचं.

इथे एक अडचण पुष्कळांना कळत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. पूर्ण उतरलेल्या फाइलवरही वनड्राइव्हचा शिक्का राहू शकतो. माल घरात आहे, पण पोत्यावर वखारीचं सील आहे, असं समजा. जुना एनटीएफएस-थ्रीजी ते सील पाहून मागे फिरतो आणि तुटलेला दुवा दाखवतो. म्हणून लोक म्हणतात, सगळं डाउनलोड केलं तरी लिनक्समध्ये उघडत नाही. एनटीएफएस-थ्रीजीसाठी वनड्राइव्हचं वेगळं प्लगइन मिळतं, ते बसवलं की घरी असलेल्या फायली वाचता येतात, ढगातल्या मात्र नाहीत. ते हाताने योग्य फोल्डरमध्ये ठेवावं लागतं, आणि तुम्हाला त्या भानगडीत पडायची गरज नाही. सोपा उपाय असा की विंडोजमध्ये असतानाच लागणाऱ्या फायलींची प्रत वनड्राइव्हच्या बाहेर, डी ड्राइव्हवर एका साध्या फोल्डरमध्ये करायची. कॉपी करायची, मूव्ह नाही. मूव्ह केलं तर क्लाउडमधून ती गेली. कॉपी करताना माल आपोआप उतरतो आणि नव्या प्रतीवर सील नसतं. जुन्या हंगामाच्या पावत्या, मागच्या वर्षीचा ताळेबंद, म्हणजे ज्यात आता बदल होणार नाही, अशा फायलींना हा उपाय पुरेसा आहे.

तुम्ही असंही लिहिलंय की लिनक्समधून पाहिलं तर डॉक्युमेंट्स फोल्डर रिकामं दिसतं. घाबरू नका. वनड्राइव्हचं बॅकअप चालू केलं की तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डरं स्वतःच्या आत हलवतो. विंडोजमध्ये तो फरक जाणवत नाही. लिनक्समधून मात्र खरा पत्ता दिसतो. युजर्समध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात जा, तिथे थेट डॉक्युमेंट्समध्ये न जाता आधी वनड्राइव्ह उघडा, त्याच्या आत डॉक्युमेंट्स सापडेल.

सेव्ह का होत नाही, ते पाहू. आठवी आवृत्ती आल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तुम्ही शटडाउन केलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, म्हणजे उद्या लवकर उठता येईल. झोपताना डिस्कचा हिशेब उघडा ठेवतं. लिनक्सला हे दिसतं आणि ते शहाणपणाने डिस्क फक्त वाचायला देतं, लिहायला नाही. म्हणजे लिनक्स इथे तुमच्या हिशेबाची काळजीच घेत होतं. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ वरची खूण काढा. खूण फिकट दिसली तर वरच्या ओळीवर क्लिक करून आधी बदलायची परवानगी घ्यावी लागते. मोठ्या अपडेटनंतर ही खूण परत आली का, ते एकदा पाहत जा. ज्यांना ही खटपट नको, त्यांनी शटडाउनऐवजी रिस्टार्ट करून लिनक्समध्ये जावं. ऐकायला उलटं वाटेल, पण रिस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं, शटडाउनमध्ये नाही. हायबरनेट करून मात्र कधीच दुसऱ्या सिस्टिममध्ये जाऊ नका. आणि झोपलेल्या विंडोजची हायबरनेशन फाइल पुसून डिस्क जबरदस्तीने उघडा, असा सल्ला कुठे मिळाला तर तो घेऊ नका. टॅली उघडी ठेवून झोपवलं असेल तर त्यातलं सेव्ह न झालेलं काम तिथेच गेलं.

आपल्याकडे याला आणखी एक कारण जोडलं जातं. लाइन जाते. लॅपटॉपची बॅटरी जुनी, पाच मिनिटं टिकत नाही, आणि विंडोज डिस्कवर लिहीत असतानाच बंद पडतं. मग त्या डिस्कवर ‘व्यवस्थित बंद झाली नाही’ अशी खूण राहते आणि लिनक्स ती उघडायला नकार देतं. लिनक्समधल्या एनटीएफएस-फिक्सने ती खूण पुसता येते, पण नावात फिक्स असलं तरी ती दुरुस्ती नव्हे. खरी तपासणी विंडोजचं चेकडिस्कच करतं. असं झालं की एकदा विंडोजमध्ये जा, चेकडिस्क पूर्ण होऊ द्या, नीट बंद करा, मगच लिनक्समध्ये या. आणि खरेदीचा हंगाम सुरू व्हायच्या आत बॅटरी बदला. या सगळ्या उपद्व्यापात सर्वांत जास्त फायदा त्या एका खर्चाचा होईल.

आता एकच फोल्डर दोघींना का लावायचं नाही. हे मी स्वतः चुकून शिकलो, म्हणून तपशिलाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कृषी केंद्रासाठी मी नेमकं तुम्ही म्हणता तसंच केलं होतं. फायली विंडोजच्या डिस्कवर, त्याच फोल्डरवर विंडोजचा प्रोग्रामही आणि लिनक्सचाही. जागा वाचली, दोनदा डाउनलोड नको, मला ते फार हुशारीचं वाटलं. महिनाभर छान चाललं. लिनक्स मिंटमध्ये विंडोजची डिस्क आपोआप जोडली जाईल याची नोंद मी केली होती. एका रात्री लाइन गेली, सकाळी डिस्क अस्वच्छ म्हणून जोडली गेली नाही. सिंकचा प्रोग्राम मात्र लॉगिन होताच सुरू झाला. जिथे डिस्क जोडली जायची तिथे रिकामं फोल्डर होतं. प्रोग्रामच्या वहीत हजारेक फायलींची नोंद, समोर एकही नाही. त्याने त्या सगळ्या क्लाउडमधून काढायला सुरुवात केली. दुकानदाराने अकरा वाजता फोन केला तेव्हा निम्म्या गेल्या होत्या. रिसायकल बिनमधून आणल्या, संध्याकाळ झाली. चूक माझी होती. त्यानंतर मी कुणालाही अशी मांडणी करून दिलेली नाही.

यामागचं कारण समजून घ्या, कारण ते प्रत्येक क्लाउडला लागू आहे. सिंकचा प्रत्येक प्रोग्राम स्वतःची एक वही ठेवतो: शेवटी पाहिलं तेव्हा कोणती फाइल कशी होती. फोल्डर आणि वही यांत फरक दिसला की तो समजतो, मालकाने बदल केला. विंडोजचा प्रोग्राम झोपलेला असताना लिनक्सच्या प्रोग्रामने त्याच फोल्डरमध्ये बदल केले, तर विंडोजच्या वहीला ते ठाऊक नसतं. बहुतेक वेळा तो जुळवून घेतो. कधी दोन प्रती करतो. कधी जुनी फाइल नव्यावर चढवतो. हंगामात ‘बहुतेक वेळा’ चालत नाही.

दोन वेगळे लॅपटॉप असणं आणि एका लॅपटॉपवर दोन सिस्टिम असणं, यात एक मोठा फरक आहे. दोन लॅपटॉप असतील तर ऑफिसातला चालू राहून फाइल सावकाश वर चढवतो, आपण घरी दुसऱ्यावर उघडतो. इथे एक जागी असेल तर दुसरी झोपलेली असते. विंडोजमध्ये यादी दुरुस्त केली, फाइल निम्मी चढली, आणि तुम्ही लिनक्समध्ये गेलात, तर उरलेली निम्मी विंडोज पुन्हा उठेपर्यंत तिथेच अडकून राहते. तुम्ही लिनक्समध्ये जुनी यादी उघडता, त्यात बदल करता, ती चढते. मग विंडोज उठतं आणि त्याची यादी चढवू पाहतं. अशा दोन प्रती तयार होतात, आणि दोन्हीत थोडं थोडं खरं असतं. म्हणून उठण्याआधी खालच्या कोपऱ्यातल्या ढगाकडे पाहायचं. फिरणारे बाण थांबले, ‘अप टू डेट’ आलं, तरच रिस्टार्ट. दोन मिनिटं जातील, पण वेलांटी-उकारासकट तीनशे नावं पुन्हा जुळवत बसण्यापेक्षा ती दोन मिनिटं बरी.

यात मोबाइल हॉटस्पॉटची एक मेख आहे. डेटा वाचवायला तुम्ही विंडोजमध्ये ते कनेक्शन मीटर्ड, म्हणजे मोजक्या डेटाचं, म्हणून नोंदवलं असेल, तर वनड्राइव्ह सिंक आपणहून थांबवतो. फाइल चढलेली नसते, फक्त थांबलेली असते. ढगावर थांबल्याची खूण दिसली तर उजवं क्लिक करून सिंक पुन्हा सुरू करा, काम चढलं की परत थांबवा. मीटर्ड काढून टाकू नका, नाहीतर विंडोजचे अपडेट तुमचा दीड जीबी खाऊन टाकतील.

तुमच्यासाठी मी अशी मांडणी करीन. विंडोजचा वनड्राइव्ह विंडोजच्या डिस्कवर, जसा आहे तसा. लिनक्सला स्वतःच्या होम फोल्डरमध्ये स्वतःचं वेगळं फोल्डर, आणि त्यावर लिनक्सचा स्वतंत्र प्रोग्राम. दोघी क्लाउडमध्येच भेटतील, एकमेकींच्या घरात शिरणार नाहीत. विंडोजची डिस्क लिनक्समध्ये जोडायची ती फक्त वाचण्यासाठी. डिस्क्स नावाच्या प्रोग्राममध्ये त्या पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या त्या भागाच्या, माउंट ऑप्शन्समध्ये ‘आरओ’ हा पर्याय लिहिला की लिनक्समधून चुकूनही तिथे काही पुसलं जात नाही. जुने हंगाम, स्कॅन, फोटो तिथून पाहायचे. दर आठवड्याला बदलणारी पाच-सात फोल्डरं तेवढी लिनक्समध्ये सिंक करायची. अशाने डाउनलोड दोनदा होतं खरं, पण यादी आणि हिशेबाच्या शीट्स मिळून फार तर काही दहा एमबी. जड असतात ते स्कॅन, आणि ते आपण दुसऱ्यांदा उतरवतच नाही.

लिनक्ससाठी मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा वनड्राइव्ह प्रोग्राम नाही. ‘वनड्राइव्ह क्लायंट फॉर लिनक्स’ नावाचा मोफत, खुला प्रोग्राम आहे, तो चांगला आहे. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधली आवृत्ती जुनी असते, ती बसवू नका. प्रोग्रामच्या माहितीपानावर नवी आवृत्ती कशी घ्यायची ते दिलेलं आहे, तसंच करा. त्यात सिंक लिस्ट नावाची एक साधी फाइल असते. तिच्यात हवी ती फोल्डरं एकेका ओळीवर लिहिली की बाकीचं तो उतरवत नाही. एक सेटिंग मात्र आवर्जून बदला. एकदम खूप फायली गायब झाल्या तर हा प्रोग्राम थांबून विचारतो, पण ‘खूप’ म्हणजे किती याचा मूळ आकडा १,००० आहे. मोठ्या कंपनीसाठी तो ठीक असेल. तुमच्या सगळ्या मिळून चारशे फायली. त्या सगळ्या गेल्या तरी हा रखवालदार उठणार नाही. तो आकडा २० वर आणा.

दोन्ही सिस्टिमना वेगवेगळी नावं द्या, विंडोजला एक आणि लिनक्सला दुसरं. भांडण झालं की दुसऱ्या प्रतीच्या नावामागे संगणकाचं नाव लागतं. नावं वेगळी असतील तर कोणती प्रत कुठून आली हे लगेच कळतं. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात फाइलच्या मागच्या २५ आवृत्त्याही सापडतात. ब्राउझरमध्ये फाइलवर उजवं क्लिक करून व्हर्जन हिस्टरी पाहा. ज्या दिवशी काही बिघडलं असं वाटेल, त्या दिवशी आधी तिथे जा, दुरुस्तीला मागून लागा.

तुमच्या सोबतच्या लेखापालांकडे गूगल ड्राइव्ह आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. विंडोजमध्ये त्याचे दोन प्रकार चालतात. स्ट्रीममध्ये जी नावाचा वेगळा ड्राइव्ह दिसतो. तो प्रोग्राम चालू असेपर्यंतच असतो, लिनक्समधून शोधून सापडणार नाही. मिररमध्ये फायली खरोखर डिस्कवर असतात आणि लिनक्समधून वाचता येतात. गूगल शीट्समध्ये बनवलेली यादी मात्र कुठल्याच प्रकारात डिस्कवर येत नाही, तिथे फक्त एक छोटा पत्ता असतो. ती ब्राउझरमध्येच उघडायची. गूगलचाही लिनक्ससाठी स्वतःचा प्रोग्राम नाही. आरक्लोन हा मोफत प्रोग्राम क्लाउडला फोल्डरसारखं जोडून देतो आणि उघडाल तेवढंच उतरवतो. कमी डेटावाल्यांना तो फार सोयीचा आहे, फक्त त्याचा कॅशे मोड ‘फुल’ ठेवा, नाहीतर लिबरऑफिसला, म्हणजे लिनक्समधल्या ऑफिस प्रोग्रामला, सेव्ह करताना अडचण येते. आरक्लोनमधल्या ‘सिंक’ या आदेशापासून जपून राहा. तो एकतर्फी आहे. इकडचं तिकडे करताना दोन्ही नावं उलटी लिहिली गेली तर भरलेलं फोल्डर रिकामं होतं. ड्रॉपबॉक्सचा लिनक्ससाठी अधिकृत प्रोग्राम आहे, पण तो त्याचं फोल्डर विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर ठेवू देत नाही. माझ्या मते तो बरोबरच करतो.

ज्यांचा लॅपटॉप नवा आहे त्यांनी लिनक्स टाकण्याआधी डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली, आहे का पाहावं. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये हे कुलूप बऱ्याचदा आपोआप लागतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ती कागदावर उतरवून घेतल्याशिवाय पार्टिशनला हात लावू नका.

घड्याळ तपासा. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स सहसा जागतिक वेळ. फरक साडेपाच तासांचा. लिनक्समधून विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर हाच घोळ आहे. शहरात नेट सतत असतं, वेळ मिनिटाभरात दुरुस्त होते आणि कुणाला कळतही नाही. आपल्याकडे फोन स्लॅबवर ठेवून टॉवर शोधेपर्यंत तासभर काम झालेलं असतं. तेवढ्या वेळात सेव्ह केलेल्या फायलींवर चुकीची वेळ पडते, आणि सिंकच्या प्रोग्रामला कोणती नवी, कोणती जुनी हे ठरवायला तीच वेळ लागते. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या आदेशाने ‘लोकल आरटीसी’ चालू केलं की दोघी एकाच वेळेवर येतात. जुन्या डेस्कटॉपवर लाइन गेल्यावर तारीखच काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. अशा वेळी क्लाउडचं लॉगिनही होत नाही, आणि लोक पासवर्ड बदलत बसतात.

राहिली फायलींची नावं. ‘सन २०२४-२५ खरीप हंगामातील सोयाबीन खरेदीसाठी नोंदणी केलेल्या सभासद शेतकऱ्यांची गावनिहाय अंतिम यादी’ असं एक नाव तुम्ही पाठवलंय. हे विंडोजमध्ये चालतं आणि लिनक्समध्ये उतरत नाही. विंडोज नावातली २५५ अक्षरं मोजतं. लिनक्सची नेहमीची डिस्क, म्हणजे एक्स्टफोर प्रकारची, २५५ बाइट मोजते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही त्यात आली, तीन बाइट घेतं. म्हणजे साधारण ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं. दुसरं, ‘शेतकऱ्यांची’ मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो, काही कीबोर्डवर ऱ या स्वतंत्र अक्षराने आणि काहींवर र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, संगणकाला दोन वेगळी नावं. तुमच्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन याद्या दिसतात, त्याचं कारण बहुधा हेच, क्लाउडचा दोष नाही. दोन्ही उघडून पाहा, नवी कोणती ते ठरवा, आणि यापुढे नाव आखूड ठेवा: गाव, हंगाम, तारीख. लिनक्समध्ये नाव देताना वेळ लिहायला विसर्गासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह, तारा हे वापरू नका. लिनक्स ते घेतं, विंडोज घेत नाही, आणि फाइल वर चढतच नाही.

लिनक्सचा प्रोग्राम बसवला की तो लगेच चालू करू नका. आधी विंडोजमध्ये जाऊन सगळं ‘अप टू डेट’ करा, आणि सभासद यादी व चालू हिशेब पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. त्यात आधार कार्डांच्या प्रती असतील तर पेनड्राइव्ह कुलपात. मग लिनक्समध्ये येऊन प्रोग्राम पहिल्यांदा ‘ड्राय रन’ मध्ये चालवा. त्यात तो काहीच करत नाही, फक्त काय काय करणार आहे ते ओळीओळीने सांगतो. पहिल्या वेळी सगळ्या ओळी डाउनलोडच्या असायला हव्यात. डिलीट किंवा अपलोडची एकही ओळ दिसली तर तिथेच थांबा, पडद्याचा फोटो काढून मला पाठवा, आणि माझं उत्तर येईपर्यंत फक्त विंडोजमध्येच काम करा.